लागण, साथ आणि विटाळ

स्मरणिकेसाठी आरोग्यविषयक एखादा लेख द्यावा, असा निरोप संपादक मंडळाकडून आला, तेव्हा आम्हां सर्वांना एकदमच आठवली ती आपल्या वसतिगृहातील भांडारघराशेजारची लहान खोली आणि तांबडा ठिपका दिलेली एक स्टीलची ताटली. आम्ही म्हणजे याच शाळेत आणि वसतिगृहात शालेय वर्षे काढून पुढे आरोग्यसेवेत गेलेले काही माजी विद्यार्थी. आमच्यापैकी एक जण प्राथमिक आरोग्य केंद्रात परिचारक आहे, दुसरा प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे, तर तिसरा हिवतापाचे रक्तनमुने गोळा करीत गावे पालथी घालून नुकताच सेवानिवृत्त झाला आहे.

हकीगत साधीच आहे. आम्ही सातवीत असताना, माघ महिन्याच्या सुमारास, घरून परतलेल्या एका मुलाच्या अंगावर कांजिण्या उठल्या. त्याला भांडारघराशेजारच्या खोलीत वेगळे ठेवण्यात आले. ते योग्यच झाले. पण पंधरा दिवसांनी आणखी पाच-सहा मुलांना कांजिण्या निघाल्या आणि सर्वांनी मिळून पहिल्या मुलाला दोषी ठरविले. तो बरा झाला, खपल्या गळून पडल्या, वार्षिक परीक्षा जवळ आली, तरी त्याची ताटली वेगळीच राहिली. ओळखू यावी म्हणून कुणीतरी तिच्या पाठीवर तैलरंगाचा तांबडा ठिपका दिला होता. ज्याची भांडी घासण्याची पाळी असे, तो तिला लांबूनच नळाखाली धरी. ज्यांच्या आजा-पणजांना गावच्या हॉटेलात कपबशी वेगळी मिळत असे, अशा घरांतली आम्ही मुले. आणि तरी आम्हांला त्यात काही वावगे दिसले नाही. शेवटी ते स्वयंपाकघरातील मावशींच्या लक्षात आले. त्यांनी राखेने आणि विटेच्या तुकड्याने तो ठिपका घासून काढला आणि ताटली इतर ताटल्यांच्या थप्पीत सरकवून दिली. त्या कुणाला काही बोलल्या नाहीत.

आज इतक्या वर्षांनी वाटते, आम्ही दुष्ट नव्हतो. आम्हांला त्या आजाराविषयी बोलायला शब्दच ठाऊक नव्हते. कांजिण्या कशातून पसरतात, किती दिवस पसरतात आणि केव्हा पसरायच्या थांबतात, हे सांगणारे शब्द आमच्यापर्यंत पोहोचले नव्हते. पोहोचला होता तो 'विटाळ' हा एकच शब्द, आणि तो पिढ्यान्‌पिढ्या सोसलेल्यांच्या घरांतूनच पोहोचला होता. म्हणून या लेखात आम्ही संसर्गजन्य रोगांविषयीचे काही मूळ शब्द समजावून सांगण्याचा प्रयत्न करीत आहोत. पालकांनी आणि विशेषतः आज वसतिगृहात राहणाऱ्या मुलामुलींनी तो वाचावा, अशी विनंती आहे.

आपल्या भाषेतले जुने शब्द आधी पाहू. 'साथ' हा शब्द सोबतीलाही चालतो आणि रोगाच्या फैलावालाही. 'लागण' उसाचीही होते आणि तापाचीही. 'संसर्ग' याचा मूळ अर्थ केवळ सहवास, एकत्र येणे. म्हणजे माणसे एकमेकांच्या जवळ राहतात त्या वाटेनेच रोग फिरतो, हे आपल्या पूर्वजांनी शब्दांत धरून ठेवले होते. फिरते ते काय, हे मात्र त्यांना दिसत नव्हते; आणि न दिसणाऱ्या गोष्टीची जागा दैवताने घेतली. पटकी आली की मरीआई कोपली म्हणायचे, अंगावर फोड आले की देवी आल्या म्हणायचे. मरीआईचा गाडा वाजतगाजत गावाच्या शिवेबाहेर नेऊन सोडण्याची रीत अनेक गावांत होती. शेजारच्या गावाने तो पुढच्या गावाच्या शिवेवर ढकलायचा. साथ एका गावातून दुसऱ्या गावात जाते, एवढे निरीक्षण त्या रीतीत अचूक होते. निदान तेवढे चुकलेले.

जे फिरते त्याला आज आपण 'रोगजंतू' म्हणतो. हा एक शब्द अनेक भिन्न जिवांसाठी वापरला जातो. जिवाणू म्हणजे एका पेशीचे स्वतंत्र जीव. क्षय, विषमज्वर, पटकी, कुष्ठरोग, धनुर्वात हे त्यांचे रोग. विषाणू त्यांहून कितीतरी लहान असतात आणि दुसऱ्याच्या पेशीत शिरल्यावाचून त्यांना वाढताच येत नाही. गोवर, कांजिण्या, गालगुंड, डेंग्यू, कोविड हे त्यांचे रोग. हिवताप आदिजीवामुळे होतो, गजकर्ण बुरशीमुळे होते, जंत आणि नारू हे कृमी आहेत, आणि वसतिगृहाची जुनी ओळख असलेली खरूज ही त्वचेत बिळे करणाऱ्या आठ पायांच्या एका सूक्ष्म जिवामुळे होते. हा भेद केवळ परीक्षेपुरता नाही. प्रतिजैविक औषधे जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर चालत नाहीत. साध्या सर्दीला औषधाच्या दुकानातून परस्पर प्रतिजैविकाच्या गोळ्या आणून मुलांना देणारे पालक आम्हांला दर आठवड्याला भेटतात, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

यापुढचा भेद अधिक महत्त्वाचा आहे. संसर्ग होणे आणि रोग होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जंतू शरीरात शिरून तग धरतो तेव्हा संसर्ग होतो. त्यामुळे शरीराचे कार्य बिघडते आणि लक्षणे दिसू लागतात तेव्हा रोग होतो. क्षयाचे उदाहरण घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगातील सुमारे एक चतुर्थांश लोकांना केव्हा ना केव्हा क्षयजंतूंचा संसर्ग झालेला आहे. त्यांच्यापैकी साधारण ५ ते १० टक्के लोकांनाच आयुष्यात कधीतरी प्रत्यक्ष क्षयरोग होतो. उरलेल्यांच्या शरीराने जंतूंना कोंडून ठेवलेले असते. ते आजारी नसतात आणि त्यांच्यापासून कुणाला क्षय होत नाही. कुपोषण, मधुमेह, एचआयव्ही, धुराने भरलेले कोंदट घर यांनी ते कोंडाळे फुटते. अमुक घराण्यात क्षय आहे असे म्हणून सोयरीक मोडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

तसाच भेद 'संसर्गजन्य' आणि 'सांसर्गिक' या शब्दांत आहे. सामान्य बोलण्यात ते एकच मानले जातात. या लेखात मात्र आम्ही जंतूंमुळे होणाऱ्या सर्व रोगांना संसर्गजन्य म्हणतो, आणि त्यांपैकी जे माणसाकडून माणसाकडे थेट जातात त्यांनाच सांसर्गिक म्हणतो. धनुर्वात संसर्गजन्य आहे. पण तो होतो मातीतल्या जंतूंनी दूषित झालेल्या जखमेतून, धनुर्वाताच्या रोग्याला हात लावल्याने नव्हे. हिवतापही संसर्गजन्य आहे, पण रोग्याच्या शेजारी झोपल्याने तो होत नाही. मध्ये अ‍ॅनॉफिलीस जातीच्या डासाची मादी यावी लागते. हे रहस्य रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे डासाच्या पोटात हिवतापाचे परोपजीवी पाहून उलगडले. हिवतापाच्या रोग्याला वेगळे जेवू घालणे निरर्थक आहे. त्याला मच्छरदाणीत झोपविणे मात्र अत्यंत आवश्यक आहे, कारण त्याला चावलेला डासच रोग पुढे नेतो.

यावरून दिसेल की प्रत्येक रोगाची वाट वेगळी असते आणि ती ओळखल्याशिवाय कोणतेही अंतर राखण्यात अर्थ नसतो. खरूज त्वचेच्या दीर्घ स्पर्शाने आणि एकाच अंथरुणाने जाते. आलेले डोळे हात, टॉवेल आणि उशीच्या अभ्र्यावाटे जातात. डोळे आलेल्याकडे पाहिल्याने डोळे येतात, हा समज २०२३ च्या पावसाळ्यात राज्यभर डोळ्यांची साथ आली तेव्हा पुन्हा ऐकू आला. त्यात तथ्य नाही. काळा चष्मा रोग्याला उजेडापासून आराम देतो, त्याचा हात डोळ्यांकडे जरा कमी जातो, एवढेच. सर्दी-खोकल्याचे जंतू तुषारांतून जातात. मोठे तुषार जवळच पडतात, पण अतिसूक्ष्म कण बंद खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात आणि त्यांतून पसरणाऱ्या रोगांना हवेतून पसरणारे रोग म्हणतात. क्षय, गोवर आणि कांजिण्या हे त्या वर्गातले. कोविडच्या काळात तुषार की हवा यावरून तज्ज्ञांमध्येही मोठा वाद झाला आणि अखेरीस हवेची बाजू मान्य करावी लागली. क्षय ताटलीतून, कपड्यांतून वा हस्तांदोलनातून होत नाही. त्याचा उपाय म्हणजे उघड्या खिडक्या, तोंडावर रुमाल आणि नियमित औषध. उपचार नीट सुरू झाल्यावर दोन-तीन आठवड्यांत रोग पसरविण्याची क्षमता बहुधा फारच कमी होते. एचआयव्हीच्या वाटा तर मोजक्याच आहेत : असुरक्षित लैंगिक संबंध, दूषित रक्त वा सुई, आणि मातेकडून बालकाकडे. एकत्र जेवणे, एकाच बाकावर बसणे, डास चावणे या त्याच्या वाटा नव्हेत.

पाण्याच्या वाटेविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे. १८५४ साली लंडनमध्ये ब्रॉड स्ट्रीट परिसरात पटकीने हाहाकार माजविला. त्या काळी बहुतेक डॉक्टरांचे मत असे की दुर्गंधीयुक्त हवेतून पटकी होते. जॉन स्नो यांनी घरोघर फिरून मृत्यूंची नोंद केली आणि रोगी बहुतांशी एकाच सार्वजनिक पंपाचे पाणी पिणारे होते हे दाखविले. ८ सप्टेंबर रोजी त्या पंपाचा दांडा काढण्यात आला. साथ तोवर ओसरू लागली होती, हे स्वतः स्नो यांनीही मान्य केले. पण पाण्याची वाट सापडली ती त्या नोंदींतून. पटकीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी पुढे ओळखला आणि त्यासाठी ते १८८४ मध्ये कोलकात्यात काम करीत होते. तेव्हापासून 'दूषित पाणी' या शब्दाला निश्चित अर्थ आला : ज्यात विष्ठेतले जंतू मिसळले आहेत ते पाणी, मग ते दिसायला कितीही नितळ असो.

आता याच्याशेजारी २० मार्च १९२७ हा दिवस ठेवावा. त्या दिवशी महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि त्यांचे हजारो अनुयायी चवदार तळ्याचे पाणी प्याले. ज्या तळ्यावर गुराढोरांना मज्जाव नव्हता, ते माणसांच्या स्पर्शाने बाटले असे ठरवून सनातन्यांनी नंतर त्याचे शुद्धीकरण केले. दूध, दही, गोमूत्र आणि शेण यांनी भरलेल्या १०८ घागरी मंत्रघोषात तळ्यात ओतल्या. प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासणारा आमचा सहकारी म्हणतो की, त्या पाण्याची तपासणी करता आली असती तर सत्याग्रहींच्या ओंजळींनी काही बदललेले दिसले नसते. शेणाच्या घागरींनी मात्र नक्कीच दिसले असते. विटाळ आणि संसर्ग या दोन कल्पनांतले अंतर यापेक्षा स्पष्टपणे दाखविणारा प्रसंग आम्हांला माहीत नाही. विटाळ माणसात असतो असे मानतात, तो जन्माबरोबर येतो आणि मरेपर्यंत जात नाही. संसर्ग जंतूंचा असतो, त्याला वाट लागते, तो दिवसांत मोजता येतो आणि तो ब्राह्मणाला, बौद्धाला, मुसलमानाला सारखाच होतो.

पाण्याचाच आणखी एक धागा धम्माच्या परंपरेतला आहे. भिक्खूंच्या आठ परिक्खारांमध्ये 'परिस्सावन' म्हणजे पाणी गाळण्याचे वस्त्र आहे. पाण्यातल्या लहान जिवांची हिंसा होऊ नये हा त्यामागचा हेतू. रोगाचा विचार त्यात होता असे आम्ही म्हणणार नाही. पण नारूच्या कृमीची पिले पाण्यातल्या सायक्लॉप्स नावाच्या सूक्ष्म जिवाच्या पोटात असतात आणि हा जीव दाट विणीच्या फडक्यात अडकतो. आमच्या आजोबांच्या पिढीत पायऱ्यांच्या विहिरींचे पाणी पिणाऱ्या गावांतून लोकांच्या पायांतून हातभर लांबीचे नारू काडीला गुंडाळून ओढले जात. पायऱ्यांच्या विहिरी बंद करणे, हातपंप बसविणे आणि पाणी गाळून पिणे एवढ्यानेच, कोणतीही लस नसताना, हा रोग आपल्या देशातून गेला. शेवटचा रोगी १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि २००० साली भारत नारूमुक्त घोषित झाला. फडक्याने नारू थांबतो. पटकी, कावीळ वा विषमज्वराचे जंतू थांबत नाहीत, त्यांच्यासाठी पाणी उकळावे लागते किंवा क्लोरीन टाकावे लागते.

रोगाची वाट ठाऊक नसताना काय होते हे पाहायचे असेल तर प्लेगचा इतिहास पाहावा. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात मूळचे गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे रोगी ओळखले. प्लेगचा जिवाणू दोनच वर्षांपूर्वी, १८९४ मध्ये, हाँगकाँगला सापडला होता. जंतू कळला होता, वाट कळली नव्हती. आज आपण म्हणतो की प्लेगच्या जंतूंचा साठा उंदरांत असतो आणि उंदरावरची पिसू ही त्याची वाहक. उंदीर मेला की भुकेली पिसू माणसाकडे वळते. पण पिसूची ही भूमिका पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत प्रयोग करून दाखविली ती १८९८ मध्ये, आणि मान्य व्हायला त्यापुढेही काही वर्षे गेली. तोवर सरकारने ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा केला, पुण्यात लष्कर घरांत घुसले, सामान जाळले गेले, भिंती-जमिनी औषधी पाण्याने धुतल्या गेल्या, माणसे छावण्यांत नेली गेली. उंदीर मात्र एका घरातून दुसऱ्या घरात निवांत हिंडत राहिले. कायदा जुना म्हणून तो संपला असे मात्र नाही. २०२० साली कोविडची टाळेबंदी आली तेव्हा याच १८९७ च्या कायद्याचा आधार घेण्यात आला.

त्याच दिवसांत क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत यांनी हडपसरजवळ प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका प्लेगग्रस्त मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तेथे आणले. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. ती पिसूमुळे झाली की श्वासातून, हे सांगण्याचे साधन तेव्हा कुणाजवळच नव्हते. गाठीचा प्लेग सहसा पिसवांमुळे होतो. तो फुप्फुसांत उतरला तर मात्र खोकल्याच्या तुषारांतून थेट माणसाकडून माणसाकडे जातो. एवढे एक वाक्य त्या वर्षी पुण्यात कुणाला ठाऊक असते, तर रोग्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना काय जपायचे ते सांगता आले असते. मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांनी जानेवारी १८९७ मध्ये प्लेगची लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्यांच्याच नावाने आहे.

आता दिवस मोजणाऱ्या शब्दांकडे वळू, कारण आमच्या ताटलीचे कोडे तेथेच सुटते. जंतू शरीरात शिरल्यापासून पहिले लक्षण दिसेपर्यंतच्या मुदतीला अधिशयन काळ म्हणतात. काही ग्रंथांत त्याला परिपाककाळही म्हटले आहे. पटकीचा हा काळ काही तासांपासून पाच दिवसांपर्यंत असतो. कांजिण्यांचा १० ते २१ दिवस. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यानंतर रेबीज व्हायला बहुधा दोन-तीन महिने लागतात, कधी त्याहून कितीतरी अधिक. म्हणूनच चाव्यानंतर लगेच जखम साबणाने पंधरा मिनिटे धुऊन लस घेतली तर रोग गाठण्यापूर्वीच त्याला अडविता येते. दुसरी मुदत संक्रामक काळाची, म्हणजे रोगी ज्या दिवसांत इतरांना लागण देऊ शकतो त्यांची. या दोन मुदती एकमेकींवर नेमक्या बसत नाहीत, आणि बहुतेक गैरसमज तेथेच जन्म घेतात. कांजिण्यांचा रोगी पुरळ उठण्याच्या एक-दोन दिवस आधीपासून लागण देऊ लागतो आणि सर्व फोडांवर खपली धरली की देईनासा होतो. म्हणजे आमच्या त्या सोबत्याने, स्वतःलाही काही ठाऊक नसताना, आमच्यासोबत कबड्डी खेळताना आम्हांला कांजिण्या दिल्या होत्या. त्याला खोलीत ठेवले तोवर बाकीच्या पाच-सहा जणांची लागण होऊन गेली होती. त्याचा दोष कोणता? आणि खपल्या धरल्यावर, म्हणजे साधारण आठवड्याभराने, त्याच्यापासून भय उरले नव्हते. ताटलीला तर तसेही काही देणेघेणे नव्हते. खरजेत हा काळ आणखी फसवा असतो. पहिल्यांदाच खरूज होणाऱ्याला खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागू शकतात. तेव्हा जो आधी खाजवू लागला त्यानेच खरूज आणली असे म्हणता येत नाही. त्यामुळेच खरजेचे औषध एकट्याला देऊन भागत नाही. खोलीतल्या सगळ्यांनी एकाच रात्री लावावे लागते, आणि कपडे-अंथरुणे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात घालावी लागतात.

विलगीकरण आणि अलगीकरण हे शब्द कोविडमुळे सर्वांच्या तोंडी आले, पण वर्तमानपत्रांनी ते वाटेल तसे एकमेकांच्या जागी वापरले. आम्ही येथे आजारी माणसाला वेगळे ठेवणे म्हणजे विलगीकरण, आणि लागण झाली असण्याचा संभव असलेल्या, पण अद्याप निरोगी दिसणाऱ्या माणसाला अधिशयन काळापुरते वेगळे ठेवणे म्हणजे अलगीकरण, असा अर्थ धरतो. दुसऱ्या प्रकारासाठी जो क्वारंटाइन शब्द प्रचारात आहे, तो इटालियन भाषेतील चाळीस या संख्येवरून आला. प्लेगच्या भयाने बंदरात आलेल्या जहाजांना चाळीस दिवस थांबवून ठेवीत. दोन्ही शब्दांत मुदत अंगभूत आहे. मुदत नसलेले विलगीकरण म्हणजे बहिष्कार.

असा एक बहिष्कार आरोग्यशास्त्राच्याच इतिहासात घडला आहे. स्वतः आजारी न पडता जंतू बाळगणाऱ्या माणसाला निरोगी वाहक म्हणतात. न्यूयॉर्कमध्ये स्वयंपाकाचे काम करणारी मेरी मॅलन ही आयरिश स्त्री विषमज्वराची अशी वाहक होती. १९०७ मध्ये तिला पकडून एका बेटावर ठेवले गेले. स्वयंपाक करणार नाही या अटीवर १९१० मध्ये सोडले; परंतु कपडे धुण्याच्या कामात पोट भरेना, तेव्हा ती नाव बदलून पुन्हा चुलीकडे वळली. १९१५ मध्ये तिला पुन्हा धरले आणि १९३८ मध्ये मृत्यू येईपर्यंत ती बेटावरच राहिली. तिच्या हातून लोक आजारी पडले, काही दगावलेही, हे खरे. पण तशाच इतर वाहकांना मोकळे ठेवले गेले होते. ती स्थलांतरित, एकटी, मोलकरीण स्त्री नसती तर तिला तेवीस-चोवीस वर्षांहून अधिक काळ बंदिवास घडला असता का, असा प्रश्न आम्हांला पडतो.

कुष्ठरोगाचे तर काय सांगावे! त्याचा जंतू १८७३ मध्ये नॉर्वेतील हॅन्सन यांनी शोधला. बहुसंख्य लोकांच्या शरीरात त्याला उपजतच प्रतिकार असतो; दीर्घ आणि निकटच्या सहवासावाचून तो सहसा होत नाही आणि बहुविध औषधोपचार सुरू झाल्यावर रोगी थोड्याच काळात संक्रामक राहत नाही. असे असूनही कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून आपल्या कायद्यांत २०१९ पर्यंत लिहिलेले होते.

साथ, उद्रेक, महामारी यांविषयी थोडक्यात. एखाद्या प्रदेशात रोग कमी-अधिक प्रमाणात कायम राहतो तेव्हा तो प्रदेशनिष्ठ. अपेक्षेपेक्षा जास्त रोगी एकाएकी दिसू लागले की साथ. मर्यादित जागेत, उदाहरणार्थ एका वसतिगृहात, तसे घडले की उद्रेक. आणि साथ देशोदेशी पसरली की जागतिक साथ. जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला हे नाव ११ मार्च २०२० रोजी दिले. साथ किती वेगाने पसरेल हे काढण्यासाठी, कुणालाच प्रतिकारशक्ती नसलेल्या समाजात एक रोगी सरासरी किती जणांना लागण देईल, तो आकडा पाहतात. गोवरासाठी तो १२ ते १८ मानला जातो. इतका मोठा आकडा फार थोड्या रोगांचा असतो. म्हणूनच गोवर थांबवायला सुमारे ९५ टक्के मुलांना लस मिळालेली असावी लागते. इतरांनी घेतलेल्या लसीमुळे ज्याला लस देता येत नाही त्या तान्ह्या बाळाचेही रक्षण होते, त्याला समूह प्रतिकारशक्ती म्हणतात. कोविडच्या काळात लसीकरण मागे पडले आणि २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी परिसरात, तसेच मालेगाव आणि भिवंडी येथे गोवराचा उद्रेक होऊन बालके दगावली. गर्दीच्या, गरिबांच्या वस्त्या होत्या त्या. देवीचा रोग मात्र लसीनेच जगातून गेला. ८ मे १९८० रोजी तशी घोषणा झाली.

येथवर वाचून कुणी म्हणेल, मग आजाऱ्यापासून लांबच राहावे का? महावग्गात एक प्रसंग आहे. पोटाच्या विकाराने जर्जर झालेला एक भिक्खू स्वतःच्या मलमूत्रात पडून होता आणि इतर भिक्खू त्याच्याकडे फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले, स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले आणि दोघांनी मिळून त्याला उचलून मंचावर निजविले. संघाने एकमेकांची शुश्रूषा करावी हा दंडक त्यातून आला. आमच्यातला परिचारक हगवणीच्या रोग्याबाबत आजही तेच करतो. त्यात त्याने साबणाने हात धुण्याची, हातमोज्यांची आणि क्षारसंजीवनीच्या पुडीची भर घातली आहे.

पालकांना आता काही कामाच्या गोष्टी सांगून थांबतो. प्रवेशाच्या वेळी मुलाचे लसीकरण कार्ड आणावे. गोवर-रुबेलाचे दोन्ही डोस आणि दहाव्या व सोळाव्या वर्षीचे धनुर्वात-घटसर्पाचे इंजेक्शन राहिले असल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात ते विनामूल्य मिळते. कांजिण्यांची लस सरकारी वेळापत्रकात नाही. ज्यांना परवडेल त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने द्यावी. सुट्टीत घरी कुणाला कांजिण्या, गोवर, गालगुंड, कावीळ किंवा क्षय झाला असेल तर मूल परत पाठविताना अधीक्षकांना तसे मोकळेपणाने सांगावे. लपविल्याने मुलाची बदनामी टळते असे वाटते, पण घडते ते उलटेच. दोन आठवड्यांहून अधिक खोकला असेल तर थुंकीची तपासणी करून घ्यावी. क्षयाची तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. प्रत्येक मुलामुलीचा टॉवेल, कंगवा आणि पांघरूण स्वतंत्र असावे आणि त्यावर नाव घातलेले असावे. ताटल्यांवर नाव घालण्याची आवश्यकता नाही. त्या साबणाने घासून उन्हात पालथ्या घातल्या म्हणजे पुरे.